कान ठणठणीत, तरी कुशीवर वळलं की खोली का फिरते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आईचं वय ६२. पहाटे उजव्या कुशीवर वळली की खोली गरगर फिरते, अर्ध्या-पाऊण मिनिटात थांबते, मळमळ मात्र बराच वेळ राहते. मेंदूचा एमआरआय नॉर्मल आला. डॉक्टर म्हणाले, दोष कानात आहे. पण आईला तर शेजारच्या खोलीतलं कुजबुजणंही ऐकू येतं. मग कानाचा आणि चक्करेचा संबंध काय? आणि कानाचं काम कुठे संपतं, मेंदूचं कुठे सुरू होतं?

मी कान-नाक-घशाचा डॉक्टर आहे. गेली २३ वर्षं माझ्याकडे चक्कर आणि ऐकू न येणं याच तक्रारी जास्त येतात. आईला न तपासता निदान सांगणार नाही, पण तुम्ही केलेलं वर्णन ओळखीचं आहे. त्यावर शेवटी येतो.

‘ऐकू येतंय म्हणजे कान चांगला’ हा समज जुना आहे. १८६१ पर्यंत डॉक्टरांचाही तोच होता. अशी चक्कर आली की मेंदूत रक्त साकळलं असं समजून उपचार व्हायचे. त्या वर्षी पॅरिसमध्ये प्रॉस्पर मेनिएर यांनी मांडलं की हा उगम कानात असू शकतो. मेंदूच्या स्कॅनमध्ये काही सापडलं नाही म्हणून आज लोक बुचकळ्यात पडतात, ते मला म्हणूनच नवल वाटत नाही.

कानशिलाच्या हाडात, पडद्याच्या बरंच आत, एक कोरलेली पोकळी आहे. तिच्यात दोन बिऱ्हाडं राहतात. पुढच्या बाजूला अडीच वेढ्यांचा शंख, म्हणजे कॉक्लिया, ऐकण्यासाठी. मागच्या बाजूला तीन अर्धवर्तुळाकार नळ्या आणि त्यांच्या बुडाशी दोन इवल्या पिशव्या, तोलासाठी. दोघांमधला द्रव एकच, मेंदूकडे जाणारी नस एकच, आणि राबणाऱ्या पेशीही एकाच जातीच्या. या पेशींच्या डोक्यावर सूक्ष्म केसांचा झुबका असतो, म्हणून त्यांना केसपेशी म्हणतात. केस एका बाजूला वाकले की पेशी मेंदूला जोरात कळवते, उलट बाजूला वाकले की तिचा आवाज बसतो. केसांची टोकं एकमेकांना अतिसूक्ष्म धाग्यांनी जोडलेली असतात. केस वाकला की धागा ताणला जातो, त्या ओढीने पेशीचं दार उघडतं आणि भोवतालच्या द्रवातलं पोटॅशियम आत शिरतं. मध्ये दुसरी कसली रासायनिक घडामोड नाही, थेट दोरी ओढून दार उघडायचं. त्यामुळे ही यंत्रणा डोळ्यापेक्षा कितीतरी चपळ आहे. अगदी मंद आवाजाला या केसांची हालचाल जेमतेम अणूच्या मापाची असते.

शंखात केस वाकतात ते आवाजाच्या लाटेने, नळ्यांत वाकतात ते डोकं वळल्याने, पिशव्यांत वाकतात ते गुरुत्वाकर्षणाने आणि सरळ रेषेतल्या धक्क्याने. केस कशाने वाकला हे पेशीला कळत नाही. ते ठरवतो मेंदू, आणि तेही निरोप कुठल्या तारेवरून आला एवढंच बघून.

आधी नळ्या घेऊ. तीन नळ्या एकमेकींना साधारण काटकोनात असतात, म्हणजे डोकं कसंही वळलं तरी एखादी तरी नळी त्या प्रतलात सापडतेच. डोकं वळलं की नळी वळते, पण आतला द्रव जडत्वाने मागे रेंगाळतो आणि वाटेतल्या जेलीसारख्या पडद्याला दाबतो. पडद्यात केसपेशींचे केस रुतलेले. बस, वळणाची बातमी तयार. तुम्ही एकाच वेगाने गिरक्या घेत राहिलात तर काही सेकंदांत द्रवही नळीच्या वेगाने फिरू लागतो, पडदा हळूहळू सरळ होतो आणि फिरण्याची जाणीव विरते. मग अचानक थांबा. नळी थांबली, द्रव अजून धावतोय. पडदा उलट बाजूला वाकतो आणि मेंदू समजतो की आपण उलटे फिरतोय. लहान मुलं गिरक्या घेऊन धपकन बसतात आणि खिदळतात, तेव्हा त्यांच्या कानात नेमकं हेच चालू असतं. ढगात शिरलेल्या वैमानिकाच्या कानातही हेच होतं, फक्त तिथे खिदळायची सोय नसते.

चक्कर समजून घ्यायची तर पुढचा मुद्दा कळणं महत्त्वाचं. तोलाची नस डोकं स्थिर असतानाही गप्प नसते. माकडांमध्ये मोजलं तर तिचा एकेक तंतू विश्रांतीतसुद्धा सेकंदाला सुमारे ९० ठोके पाठवत असतो. दोन्ही कानांचे ९०-९०, वजाबाकी शून्य, म्हणजे डोकं स्थिर. डावीकडे वळलात की डाव्याचे वाढतात, उजव्याचे कमी होतात. मेंदू वाचतो ती ही वजाबाकी. आता समजा विषाणूच्या सुजेने एका रात्रीत उजव्या कानाची नस बंद पडली. उजवीकडून शून्य, डावीकडून ९०. तुम्ही अंथरुणात निपचित पडलेले, पण मेंदूच्या हिशोबात तुम्ही डावीकडे भन्नाट वेगाने फिरताय. मेंदू बिघडलेला नसतो. त्याच्यापर्यंत खोटी बातमी पोचते आणि तो ती मनापासून खरी मानतो. चक्कर म्हणजे एवढंच.

त्या बातमीवर मेंदू काय करतो ते आत्ता, हे वाचतानाच, करून बघा. मोबाइल हातभर अंतरावर धरा. डोकं स्थिर ठेवून मोबाइल सेकंदाला दोन-तीनदा डावी-उजवीकडे हलवा. अक्षरं फिसकटतील. आता मोबाइल स्थिर ठेवा आणि त्याच वेगाने डोकं ‘नाही, नाही’ करत हलवा. अक्षरं वाचता येतात. डोळ्यांपुढची हालचाल दोन्ही वेळा सारखीच होती. पहिल्या वेळी डोळे एकटे पाठलाग करत होते आणि नजरेच्या पाठलागाला सेकंदाचा दहावा भाग तरी लागतोच. दुसऱ्या वेळी कानाने डोक्याचा वेग कळवला आणि डोळ्यांचे स्नायू तेवढेच उलट दिशेला फिरले. कान ते डोळा या वाटेवर जेमतेम तीन चेतापेशी आहेत, प्रवासाला सेकंदाचा शंभरावा भागही लागत नाही. चालताना पाट्या वाचता येतात त्या या सोयीमुळे.

ही सोय गेली तर काय होतं, हे एका डॉक्टरानेच लिहून ठेवलंय. गुडघ्याच्या क्षयासाठी स्ट्रेप्टोमायसिन घेतल्यावर त्याच्या दोन्ही कानांची तोलाची यंत्रणा गेली. १९५२ मध्ये त्याने आपला अनुभव एका वैद्यकीय नियतकालिकात मांडला. पलंगाच्या दोन दांड्यांमध्ये डोकं घट्ट टेकवल्याशिवाय त्याला पान वाचता येत नसे, कारण नाडीच्या प्रत्येक ठोक्याबरोबर अक्षरं उडायची. अशा रुग्णांना गरगरत मात्र नाही. दोन्हीकडून शून्य, मग वजाबाकीही शून्यच. त्यांची तक्रार वेगळी असते: अंधारात पाय कुठे पडतोय कळत नाही, डोळे मिटून तोंड धुताना झोक जातो. तोलासाठी मेंदूला कान, डोळे आणि पायांचे तळवे-सांधे अशा तीन ठिकाणांहून खबर मिळते. कान गेला तर उरलेल्या दोघांवर भागतं, अंधारात मात्र एकच उरतो.

त्यामुळे तपासताना माझा पहिला प्रश्न असतो, ‘चक्कर म्हणजे नक्की काय होतं?’ उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते, डोकं हलकं होतं, चालताना तोल जातो, की भोवतालच्या वस्तू फिरतात? या चारही गोष्टींना लोक चक्करच म्हणतात, आणि चौघींची मुळं वेगळी. फिरण्याची जाणीव असेल तर मी कानाकडे वळतो. या दहा मिनिटांच्या बोलण्याने जेवढं निदान होतं तेवढं बहुतेक वेळा स्कॅनने होत नाही. आणि दर दुसऱ्या रुग्णाची मानेच्या मणक्यांची एक्स-रे फिल्म सोबत असतेच! साठीनंतर कुणाचेही मणके झिजलेले दिसतात, त्यामुळे खापर फोडायला मान कायम तयार.

आता त्या दोन पिशव्या. त्यांच्या केसपेशींवर जेलीचा थर आणि त्यावर कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक खडे असतात, एकेक खडा मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास. डोकं कललं की खडे घसरू पाहतात, केस वाकतात, ‘खाली’ कुठल्या दिशेला आहे ते कळतं. वयाने, डोक्याला मार बसल्याने किंवा काही कारण न सापडताही हे खडे सुटतात. सुटले तर सुटले, पण ते शेजारच्या नळीत शिरले की पंचाईत. सर्वांत खाली लोंबणारी मागची नळी, त्यामुळे खडे बहुधा तिच्यात जातात. कुशीवर वळलं, वर बघितलं, खाली वाकलं की खडे नळीत घरंगळतात, द्रवाला ओढतात आणि फक्त त्या एका नळीतून ‘आपण जोरात फिरतोय’ असा निरोप जातो. डोळे सांगतात खोली स्थिर आहे, दुसरा कान सांगतो स्थिर आहे, मेंदू गोंधळतो आणि पोट ढवळतं.

तपासायला यंत्र लागत नाही. रुग्णाला पलंगावर बसवायचं, डोकं संशयित कानाकडे ४५ अंश वळवायचं आणि तसंच हातात धरून झपकन आडवं करायचं, मान कडेखाली किंचित झुकलेली. ‘डोळे मिटू नका, माझ्या नाकाकडे बघा’ एवढंच मी सांगतो. पहिले तीन-चार सेकंद काहीच होत नाही. नवशिके डॉक्टर इथेच फसतात, ‘काही नाही’ म्हणून रुग्णाला उठवतात. थांबायचं. खड्यांना घरंगळायला आणि द्रवाला ओढायला तेवढा वेळ लागतो. मग एकदम रुग्णाचा हात माझ्या बाहीला गच्च धरतो आणि बुबुळं नाचू लागतात: कपाळाच्या दिशेने झटके आणि त्याच वेळी जमिनीकडच्या कानाकडे पिळल्यासारखं फिरणं. झटके वाढतात, मंदावतात, मिनिटाच्या आत थांबतात. खडे तळाशी जाऊन बसले. बुबुळांच्या त्या पिळवटण्यावरून कोणता कान, कोणती नळी हे सांगता येतं. डिक्स आणि हॉलपाइक यांनी १९५२ मध्ये वर्णन केलेली ही तपासणी आजही तशीच्या तशी करतात.

उपचारही त्याच तर्काचा. खडे नळीत शिरले त्या वाटेने परत बाहेर काढायचे. डोकं एका ठरावीक क्रमाने वळवत नेलं, प्रत्येक टप्प्यावर खडे बसेपर्यंत थांबलं, की ते घरंगळत पुन्हा पिशवीत पडतात. जॉन एप्ली यांनी ही पद्धत १९९२ मध्ये प्रसिद्ध केली. पाच-सात मिनिटांचं काम, औषध नाही. बहुतेकांना एक-दोन वेळांत आराम पडतो.

यात शंखाला धक्काही लागलेला नाही. म्हणून तुमच्या आईची श्रवणचाचणी चांगलीच येणार. मेनिएरच्या आजारात मात्र आतल्या द्रवाचा दाब वाढतो, दोन्ही बिऱ्हाडांत पाणी शिरतं, म्हणून चक्करेबरोबर कानाला दडे बसतात, आवाज येतो आणि ऐकूही कमी येतं. ती चक्कर मिनिटात थांबत नाही, तासन्‌तास चालते.

आता ऐकण्याकडे वळतो, कारण प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग मला जास्त आवडला. हवेतला आवाज थेट द्रवावर आदळला तर जवळजवळ सगळा परत फिरेल, पाण्यात बुडी मारल्यावर काठावरची हाक ऐकू येत नाही तसा. ही अडचण मधल्या कानातली तीन हाडं सोडवतात. मोठ्या पडद्यावरचा दाब ती रिकिबीच्या आकाराच्या जेमतेम ३ मिलिमीटर हाडातून इवल्या खिडकीवर एकवटतात, दाब सुमारे वीसपट होतो. तिथून लाट शंखात शिरते. शंख उलगडला तर आतली पट्टी साधारण ३५ मिलिमीटर भरेल. सुरुवातीला ती अरुंद, ताठ. टोकाला रुंद, सैल. बारीक, किनरे आवाज सुरुवातीलाच पट्टी हलवतात, खर्जातले आवाज आत टोकापर्यंत जातात. म्हणजे स्वर कुठला हे जागेवरून ठरतं. ही लाट प्रत्यक्ष पाहिल्याबद्दल गेऑर्ग फॉन बेकेशी यांना १९६१ चं नोबेल मिळालं.

बेकेशींनी ती मृत कानांत पाहिली होती. जिवंत कान त्याहून तल्लख निघाला. पट्टीवर केसपेशींच्या दोन फळ्या असतात. आतल्या साडेतीन हजारांच्या आसपास, या मेंदूला बातमी देतात. बाहेरच्या बारा हजार, या बातमी देत नाहीत, नाचतात. आवाजाच्या तालावर आखडतात-लांबतात आणि पट्टीला झोका देऊन मंद आवाज फुगवतात. १९७८ मध्ये डेव्हिड केम्प यांनी दाखवलं की या नाचामुळे कानातून उलट बाहेरही आवाज येतो! नवजात बाळाच्या कानात बारीक नळी घालून आपण जी चाचणी करतो ती हाच प्रतिध्वनी ऐकते. झोपलेल्या बाळाकडून ‘हो, मला ऐकू येतं’ हे वदवून घ्यायचा याहून सोपा मार्ग नाही.

साडेतीन हजार हा आकडा जरा मनात ठेवा. डोळ्यात प्रकाश टिपणाऱ्या पेशी बारा कोटींच्या घरात असतात. कानातली पेशी मेली की माणसात ती पुन्हा उगवत नाही. पक्ष्यांत उगवते, आपलं नशीब तेवढं नाही. आणि झीज सुरू होते ती पट्टीच्या सुरुवातीपासून, म्हणजे बारीक आवाजांपासून.

याचा परिणाम घराघरांत दिसतो. ‘आजोबांना ऐकू येतं, पण समजत नाही.’ साप, ताप, थाप, शाप, चाप हे शब्द म्हणून बघा. ‘आ’ खालच्या पट्टीतला आणि दणदणीत, तो पोचतो. स, श, थ, च यांची ओळख वरच्या पट्टीतल्या बारीक सळसळीत असते, ती गळते. पोचतं ते ‘–आप’. पहिलं अक्षर मेंदू संदर्भावरून भरतो, आणि शांत खोलीत एकाच माणसाशी बोलताना इतकं छान भरतो की आजोबांना आपल्याला कमी ऐकू येतं हेच पटत नाही. चार माणसं एकदम बोलू लागली की अंदाज कोसळतो. मग आपण ओरडतो. ओरडल्याने ‘आ’ मोठा होतो, ‘स’ होता तिथेच राहतो. समोर येऊन, तोंड दिसेल असं, थोडं सावकाश बोला, फरक लगेच कळेल.

गोंगाटातून एक आवाज वेगळा काढण्याचं काम सर्वस्वी मेंदूचं, आणि त्याला दोन कान लागतात. डावीकडून आलेला आवाज उजव्या कानाला फार तर सेकंदाच्या दीड हजाराव्या भागाने उशिरा पोचतो. मेंदूच्या देठातली एक जोडगोळी हा उशीर मोजते, आणि सेकंदाच्या एक लाखाव्या भागाएवढा फरकही ओळखते. कोण कुठे बोलतंय ते कळलं की त्या दिशेवर लक्ष देता येतं. एकच श्रवणयंत्र पुरे म्हणणाऱ्यांना मी म्हणूनच दोन्ही कानांचा आग्रह करतो, दोन्हीकडे कमी ऐकू येत असेल तर.

कानात गुंई आवाज येतो त्याचं मूळही बहुधा असंच. तारेवरून निरोप कमी आला की मेंदू आपल्याकडचा व्हॉल्यूम वाढवतो, आणि मग रिकाम्या तारेची खरखर ऐकू येते. १९५३ मधल्या एका प्रयोगात चांगलं ऐकणाऱ्या लोकांना आवाजबंद खोलीत बसवलं, तर त्यांतल्या ९४ टक्के लोकांनी कुठला ना कुठला आवाज ऐकू येतो असं सांगितलं. खोलीत कसलाच आवाज नव्हता.

पुन्हा चक्करेकडे, कारण मेंदूची ही जुळवून घ्यायची खोड तिथे औषधासारखी उपयोगी पडते. नस बंद पडलेल्या त्या रुग्णाचं आठवा: एकीकडे ९०, एकीकडे शून्य. नस बरेचदा पुरती सुधारत नाही, तरी माणूस काही आठवड्यांत चालू-फिरू लागतो. लहान मेंदू हिशोब नव्याने मांडतो. पण चूक दिसल्याशिवाय तो ती दुरुस्त करत नाही. रुग्णाने डोकं हलवलं पाहिजे, थोडं गरगरलं पाहिजे, तेव्हाच त्याला ताळा जमवता येतो. चक्कर दाबणाऱ्या गोळ्या हा ताळाच अडवतात. पहिल्या दोन-तीन दिवसांत, उलट्या थांबत नसताना, त्या देवासारख्या. महिनोन्‌महिने नव्हेत. माझ्याकडे आलेल्या एक निवृत्त शिक्षिका दीड वर्ष रोज तीन गोळ्या घेत होत्या, दिवसभर पेंगत, भिंत धरून चालत. गोळ्या टप्प्याटप्प्याने बंद केल्या आणि नजर एका खुणेवर ठेवून मान हलवण्याचा व्यायाम दिला. पहिला आठवडा त्यांनी मला मनातल्या मनात चिकार शिव्या घातल्या असतील. दोन महिन्यांनी त्या एकट्या जिना उतरून आल्या. सुरुवातीच्या वर्षांत अशा गोळ्या मीही लिहून देत होतो, कबूल करतो.

आता तुमच्या आईबद्दल. वर्णन खड्यांचंच वाटतं आणि उजव्या कानाचं. वर सांगितलेली आडवं करून डोळे बघण्याची तपासणी झाली आहे का ते डॉक्टरांना विचारा. झाली नसेल तर ती करणाऱ्यांकडे जा, आणि आईला सांगा, तपासताना गरगरणं अपेक्षित आहे, घाबरायचं नाही. मानेचा किंवा पाठीचा त्रास असेल तर तो आधीच सांगा. खडे बसवल्यावर दोन-चार दिवस पायाखाली गादी असल्यासारखं वाटू शकतं. बसून झोपा, मान हलवू नका, ही जुनी पथ्यं आता लागत नाहीत असं दिसून आलं आहे.

मात्र चक्करेबरोबर बोलणं अडखळलं, एकाचे दोन दिसले, अंगाची एक बाजू लुळी किंवा बधिर पडली, आधाराशिवाय उभंच राहता येईना, किंवा कधी नव्हे असं डोकं दुखू लागलं तर कानाचा विचार सोडून तडक इस्पितळ गाठा. एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं तर तेही त्याच दिवशी दाखवा. तिथे स्टेरॉइडचा उपयोग सुरुवातीच्या दिवसांतच होतो आणि लोक मळ असेल म्हणून दोन आठवडे थेंब घालत बसतात.

खडे पुन्हा सुटू शकतात, काही महिन्यांनी, काही वर्षांनी. तेव्हा कोणत्या कुशीवर वळल्यावर फिरलं आणि किती सेकंद फिरलं, एवढं आईला कागदावर टिपून ठेवायला सांगा. आमचं निम्मं काम त्या कागदावर होतं.